आबांना पंचाण्णवच्या आत आणताना

टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी केलेल्या बाईकडे किस्से साठत जातात, त्यात तिचा काही दोष नसतो. कानाला हेडसेट, समोर बोर्ड, आणि अख्खा जिल्हा कानाशी येऊन बोलतोय. लग्नं ठरलेली आम्हाला आधी कळायची, मोडलेली तर त्याहून आधी. पण कानावर पडलेलं बाहेर न्यायचं नाही हा खात्याचा नियम, आणि तो मी पाळला. म्हणून बाकी कुणाचे किस्से मी सांगत नाही. आबांचे सांगते, कारण ते बहुतेक लाइनवर नाही, आमच्या डोळ्यांसमोर घडले. शिवाय रिटायर होताना आबांनी तशी परवानगीच दिली होती. "सांगत जा, लीला. फक्त माझं वजन पाच किलो कमी सांग."

ते मात्र मला जमणार नाही. एकशे बारा होतं.

आबा म्हणजे जळगावच्या आमच्या ट्रंक एक्स्चेंजचे सुपरवायझर. ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. जळगावहून धुळ्याला बोलायचं तर आधी आम्हाला नंबर द्यावा लागे, मग आम्ही तिकीट लिहून, बोर्डावर कॉर्ड लावून लाइन जोडून द्यायचो. आबा आमच्या मागे खुर्ची टाकून बसत. ते आत आले की पंख्याचा वारा आमच्यापर्यंत यायचा बंद व्हायचा.

त्यांच्या बेंबीपाशी हर्निया होता. लिंबाएवढा होता तेव्हा त्यांनी दुर्लक्ष केलं. पेरूएवढा झाला तेव्हा त्यांची बायको, म्हणजे आमच्या अक्का, त्यांना धुळ्याच्या सर्जनकडे घेऊन गेल्या. हे सर्जन खानदेशातलेच, वडिलांची कापसाची पेढी होती. बोलणं एकदम रोखठोक.

"एवढ्या चरबीत टाका घातला तर तो धरणार नाही," डॉक्टर म्हणाले. "पंचाण्णवच्या आत या, मग ऑपरेशन करतो. मधेच हा अडकला तर मात्र असाल तसे पळत या. मग वेळ नसतो."

शेवटचं वाक्य अक्कांच्या मनात जे बसलं ते बसलंच. आबा परत येताना एस.टी.त एक शब्दही बोलले नाहीत म्हणे. आम्हाला वाटलं, पथ्याचं दुःख. पथ्याचा कागद होताच तसा. दुपारी ज्वारीची एक भाकरी, बिनतेलाची भाजी, मुगाचं वरण, ताक. भात नाही, तळलेलं नाही, गोड नाही, केळं नाही. जळगावात राहून केळं नाही!

दुसऱ्या दिवशी अक्कांचा एक्स्चेंजला फोन आला. अक्कांचं माहेर दोंडाईचाकडचं, त्यामुळे त्या घाबरल्या किंवा रागावल्या की अहिराणीत बोलत. त्या दिवशी दोन्ही होतं.

"लीलाबाई, घरमा मना डोया शेतस. हापीसमा तुमना ऱ्हाऊ द्या."

त्या दिवसापासून आमचे डोळे कामाला लागले.

* * *

आमच्याकडे प्रत्येक कॉलचं तिकीट लिहायचं असे. कोणाकडून, कोणाला, किती वाजता, शेरा काय. ज्याला फोन लावायचा त्याला आम्ही पार्टी म्हणायचो, आणि तो बोलायला आला की शेरा पडे, 'पार्टी लाइनवर आली'. माझ्या शेजारच्या बोर्डावर कुसुम बसायची, तिच्या डोक्यातून एक कल्पना निघाली. आबांच्या पोटात जे जाईल त्याचंही तिकीट लिहायचं, आणि संध्याकाळी ती तिकिटं अक्कांना फोनवर वाचून दाखवायची.

आता आबांची पद्धत अशी, की शिफ्ट संपताना सगळी तिकिटं स्वतः तपासायची आणि सही करायची. कुसुम विसरली, आणि तिचं एक तिकीट त्या गठ्ठ्यात गेलं. "कोणाकडून: सुपडू लाइनमन. कोणाला: आबा. वेळ: ११.४०. भजी दोन. शेरा: पार्टीने आधी नाकारली, मग स्वीकारली."

आबांनी ते तिकीट चष्मा लावून दोनदा वाचलं. कुसुमचा चेहरा पांढरा पडला. आम्ही सगळ्या आपापल्या बोर्डाकडे बघत बसलो.

"कुसुम," आबा म्हणाले, "भजी तीन होती. रेकॉर्ड चुकीचं ठेवत जाऊ नका."

दोनाचे तीन करून त्यांनी खाली सही ठोकली.

* * *

सुपडू लाइनमन असोद्याचा. हिवाळ्यात त्याच्या शेतात स्टाफची भरीत पार्टी ठरलेली असे. पण त्या वर्षी आबांचं काय करायचं? त्यांना वगळावं तर बरं दिसत नाही, आणि न्यावं तर अक्का आम्हाला सोडणार नाहीत.

"आबा, जेवू नका. नुसते या," सुपडू म्हणाला. "बसाले काय वजन वाढते?"

आबांनी अक्कांना शब्द दिला, पंगतीला बसणार नाही. अक्कांनी आम्हाला फोन करून तो शब्द पक्का करून घेतला.

शेतात कपाशीच्या काड्यांचा जाळ पेटला. वांगी भाजून सोलली, आणि लाकडी बडगीत मिरची-लसणाबरोबर ठेचायला सुरुवात झाली. आता सगळ्या तालुक्याला माहीत होतं की भरिताचं मीठ आबांनी पाहिल्याशिवाय ते पानात पडत नाही. आबांनी पाहिलं. म्हणाले, किंचित कमी आहे. मीठ टाकल्यावर परत पाहायला नको का? पाहिलं. मग ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीबरोबर ते कसं लागतं तेही पाहायला हवं, कारण भाकरीतही मीठ असतं. पन्नास माणसांचं भरीत, त्यामुळे ठेचणं सहा वेळा झालं. सहाही वेळा मिठाची जबाबदारी आबांनी दुसऱ्या कुणावर टाकली नाही.

मग पानं मांडली. सगळे बसले. आबा उठले, हात धुतले आणि लांब बांधावर जाऊन पाठ करून बसले. कोणी आग्रह करायला गेलं तर हात जोडून म्हणाले, "नको. घरी शब्द दिलाय."

अक्कांनी दुसऱ्या दिवशी फोनवर विचारलं, "बसनात का पंगतले?"

मी काय सांगणार? नव्हतेच बसले.

* * *

आबांसारख्या माणसाचं वजन करायचं कुठे, हा मोठाच प्रश्न होता. घरच्या काट्यावर ते उभे राहिले की काटा एक फेरी पूर्ण करून पुन्हा सुरुवातीला येई. धुळ्याला दर आठवड्याला जाणं शक्य नव्हतं. जानेवारीत आबा आणि आमचे मेकॅनिक रशीदभाई जामनेरच्या एक्स्चेंजची तपासणी करायला गेले, आणि येताना रशीदभाईंना मार्केट यार्डातला मोठा सपाट काटा दिसला. तिथे कापसाची गाठोडी मोजणं चालू होतं.

रशीदभाईंनी तोलणाऱ्याला विनंती केली. आबा काट्यावर चढले. तोलणारा सकाळपासून दोनशे गाठोडी मोजून बसलेला. त्याने मानही वर केली नाही. खणखणीत आवाजात ओरडला, "एकशेसहा! बारदान दोन वजा, एकशेचार!"

आबा काट्यावरून उतरले ते जवळजवळ उडी मारूनच. एकशेचार! जामनेर ते जळगाव एस.टी.भर त्यांनी शेजारच्या अनोळखी माणसाला पथ्याचे फायदे सांगितले. एक्स्चेंजला येऊन आम्हाला सांगितलं. अक्कांना सांगितलं. अक्कांनी देवापुढे दिवा लावला.

चार दिवसांनी रशीदभाई कॉर्ड दुरुस्त करता करता मधेच थांबले.

"आबा, एक विचारू? बारदान कोणतं वजा केलं त्याने?"

आबा विचारात पडले. गाठोडं म्हटलं की त्याच्या गोणपाटाचं वजन वजा करायचं, ही त्या काट्याची रोजची सवय. "शर्ट-पँटचं असेल," ते शेवटी म्हणाले.

"दोन किलोची पँट?"

आबांनी खाली स्वतःच्या पँटकडे पाहिलं. पँट खरंच खूप मोठी होती, पण दोन किलोची नव्हती.

त्यानंतर रशीदभाईंनी एक्स्चेंजसमोरच्या भुसार दुकानात दर गुरुवारी वजन करायची सोय लावली, आणि दुकानदाराला बजावलं, की या मालाला कसलीही सूट नाही.

* * *

दोंडाईचाचा किस्सा मात्र माझ्या हातून घडलेला आहे आणि मला त्याचा अजूनही अभिमान वाटतो.

आबा तिथे तपासणीला गेले होते. दुपारी दीडला बोर्डावर दोंडाईचाचा दिवा लागला. तिथली ऑपरेटर दबक्या आवाजात म्हणाली, "ताई, तुमचे साहेब समोरच्या हॉटेलात बसलेत. शेवभाजी सांगितलीय. वरून तर्री जास्त."

हॉटेलात फोन होता. आबांच्या घरी खात्याचा फोन होता. मधे मी होते. मी एका हाताने अक्कांना जोडलं, दुसऱ्या हाताने दोंडाईचाला. गल्ल्यावरचा फोन वाजला. मालकाचा आवाज ऐकू आला, "आबासाहेब, जळगावना फोन शे तुमले."

खुर्ची सरकली. बराच वेळ काहीच आवाज नाही. मग आबा, "हॅलो?"

"हातमा काय शे?" अक्कांनी विचारलं.

"काही नही."

"मंग हॅलो म्हनाले इतला येळ का लागना?"

आबांनी काहीतरी गिळलं. ते मला स्पष्ट ऐकू आलं, तेव्हाच्या लाइनी काही इतक्या वाईट नव्हत्या. मग अक्का बोलत राहिल्या आणि आबा हो, हो करत राहिले. शेवटी आबांना ट्रंक कॉलची तीन मिनिटांची मर्यादा आठवली आणि त्यांनी एकदम सुपरवायझरचा आवाज काढला. "ऑपरेटर, तीन मिनिटं झाली. कॉल संपवा."

मी म्हटलं, "एक्स्टेन्शन दिलंय, आबा. पार्टीने मागितलंय."

हॉटेलवाल्याने नंतर तिथल्या ऑपरेटरला सांगितलं, की साहेबांनी शेवभाजी परत पाठवली आणि कांद्याबरोबर कोरी भाकरी खाल्ली. तीसुद्धा फोनजवळ उभं राहून, परत वाजला तर लगेच उचलता यावा म्हणून.

* * *

एक छोटासा किस्सा सांगून टाकते. रशीदभाईंनी पहिल्याच आठवड्यात बोर्डाची एक जुनी कॉर्ड आबांच्या पोटाभोवती गुंडाळून पाहिली होती. दोन टोकांमध्ये वीतभर अंतर राहिलं. मार्चच्या एका सकाळी त्यांनी तीच कॉर्ड पुन्हा लावली, आणि दोन्ही टोकांचे प्लग एकमेकांना टेकले.

रशीदभाई म्हणाले, "मुबारक हो आबा. लाइन जुळली."

आम्ही टाळ्या वाजवल्या. पाच मिनिटं जळगावचा ट्रंक एकाही गावाला लागत नव्हता.

गुरुवारी दुकानात वजन झालं सत्त्याण्णव. आणि तिथेच घोडं अडलं. पुढचा गुरुवार, सत्त्याण्णव. त्याच्या पुढचा, सत्त्याण्णव. सव्वा महिना झाला तरी आबा सत्त्याण्णवच्या खाली यायला तयार नाहीत. डबा तोच, तिकिटं कोरी, आमचे डोळे उघडे. अक्का फोनवर रडकुंडीला आलेल्या. हर्निया आता दुपारी दुखायचा, आबा टेबलाला धरून उभे राहायचे, हे आम्ही पाहत होतो.

* * *

एप्रिलमधली दुपार. बोर्ड शांत होता, आबा बाहेर गेले होते. माझ्याकडची कोरी तिकिटं संपली म्हणून मी त्यांचा खालचा ड्रॉवर उघडला. आत केळ्यांच्या सालींचा हा एवढा ढीग, आणि शेजारी अर्धी फणी शिल्लक. सगळी वजनाच्या आदल्या दिवसाची, बुधवारची सोय.

वळले तर आबा दारात उभे.

मी तोंड उघडायच्या आत ते खुर्चीत बसले. "लीला, मी पंचाण्णव झालो की तो मला टेबलावर घेणार. बरोबर ना?"

"हो."

"सत्त्याण्णव आहे तोवर मी घरी आहे."

मला हसू आलं, आणि लगेच स्वतःचा राग आला. सहा महिने आम्ही या माणसाच्या घासाघासावर नजर ठेवली होती, आणि चेहऱ्याकडे कुणी पाहिलंच नव्हतं.

"माझे वडील ऑपरेशनला चालत गेले होते," आबा म्हणाले. "स्वतःची पिशवी स्वतः धरून. परत आम्ही आणलं."

बोर्डावर भुसावळचा दिवा लागला. मी तो तसाच जळू दिला, नोकरीत पहिल्यांदा.

"अक्काला सांगू नको," ते म्हणाले. मी सांगितलं नाही. कानावर पडलेलं बाहेर न्यायचं नाही.

* * *

पुढच्याच आठवड्यात आबा डबा घरी विसरले. अक्का भर उन्हात तो घेऊन आल्या. सहा महिने आम्ही त्यांचा नुसता आवाज ऐकत होतो, बाई आज समोर आली. आधीच काटकुळ्या, आता तर पदराखाली काही आहे की नाही असं वाटावं. डबा टेबलावर ठेवताना कुसुमचं लक्ष त्यांच्या हाताकडे गेलं. हिरव्या बांगड्या मनगटाला दोऱ्याने बांधलेल्या.

"अक्का, हे काय?"

"निंघी जातस," अक्का म्हणाल्या. हात आत घेतला.

"एवढ्या बारीक कशा झालात?"

"एक घरमा दोन सयपाक कसाले? जे यास्ले, तेच माले."

म्हणजे दिवाळीपासून या बाईची पण एकच भाकरी. भात नाही, गोड नाही, केळं नाही. आणि हिला चोरून भजी देणारा कुणी सुपडूही नव्हता.

आबांनी खालचा ड्रॉवर गुडघ्याने हळूच आत ढकलला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्या बोर्डापाशी आले, मला उठवलं, स्वतः हेडसेट लावला आणि धुळ्याची कॉर्ड स्वतःच्या हाताने लावली. सुपरवायझर झाल्यापासून ते बोर्डावर बसले नव्हते.

"डॉक्टर, तारीख द्या."

पलीकडून वजन किती असं विचारलं असणार.

"तुम्ही तारीख द्या," आबा म्हणाले. "वजन मी घेऊन येतो."

तारीख दहा दिवसांनंतरची मिळाली. त्या दहा दिवसांत आबांच्या नावाचं एकही तिकीट कुसुमला लिहावं लागलं नाही.

* * *

धुळ्याला आम्ही चौघं गेलो. आबा, अक्का, रशीदभाई आणि मी. अक्कांनी मला हट्टाने नेलं, का ते त्यांनी सांगितलं नाही. आबांनी पिशवी स्वतःकडेच ठेवली होती.

डॉक्टरांचा काटा उभा, दांडीवर वजन सरकवायचा. आबांनी शर्ट काढला, घड्याळ काढलं, चष्मासुद्धा काढला. काट्यावर चढले. डॉक्टरांनी वजन इकडे सरकवलं, तिकडे सरकवलं. दांडी स्थिर झाली.

"शहाण्णव," डॉक्टर म्हणाले. "आबा, थोडक्यात गेलं. माझा नियम मी मोडत नाही. पंधरा दिवसांनी या."

झालं. सुटका आयती चालून आली होती. रशीदभाईंनी पिशवी उचललीसुद्धा. अक्का बाकावर खाली बसल्या आणि बांगड्यांचा सैल झालेला दोरा पुन्हा आवळू लागल्या. मी आबांकडे पाहिलं. त्या खोलीत त्यांच्या मनातलं मला एकटीला माहीत होतं, आणि मला वाटलं, आता हे उतरणार, आणि आपण दुपारच्या एस.टी.ने घरी.

आबा काट्यावरून उतरलेच नाहीत.

"डॉक्टर, तुमच्या वडिलांची कापसाची पेढी होती ना?"

"होती."

"काट्यावर गाठोडं आलं की बारदान वजा करायचे की नाही?"

"करायचे. त्याचं काय?"

आबांनी बेंबीपाशी हात ठेवला.

"मग हे बारदान माझ्यात कशाला धरता? हे तर तुम्ही इथंच काढून ठेवणार."

डॉक्टर दांडीकडे बघत राहिले. मग आबांकडे. मग बाकावर बसलेल्या अक्कांकडे, त्यांच्या मनगटाच्या दोऱ्याकडे. मग त्यांनी एका बोटाने दांडीवरचं वजन मागे ढकललं, आणि अगदी यार्डातल्या आवाजात, सगळ्या दवाखान्याला ऐकू जाईल असं म्हणाले, "शहाण्णव! बारदान दोन वजा, चौऱ्याण्णव!"

आणि सिस्टरला टेबल तयार करायला सांगितलं.

आबा खाली उतरले. त्यांनी रशीदभाईंकडून पिशवी परत घेतली, अक्कांच्या हातात दिली. थिएटरच्या दारापर्यंत गेले आणि वळले.

"लीला, तिकीट लिही."

"काय लिहू, आबा?"

"पार्टी लाइनवर आली," आबा म्हणाले, आणि चालत आत गेले.